चॅट्सवर्थ : आधी बाग, मग महाल

इंग्लंडच्या डर्बीशर परगण्यात, डरवेंट नदीकाठी चॅट्सवर्थ हाउस उभे आहे. 1549 मध्ये बेस ऑफ हार्डविक आणि तिचे पती विल्यम कॅव्हेंडिश यांनी ही जमीन विकत घेतली. त्यांचे वंशज म्हणजे डेव्हनशरचे ड्यूक. महालातली चित्रे, पुतळे आणि रंगवलेली छते सुंदरच आहेत, पण मुले सोबत असतील तर आधी 105 एकरांची बाग गाठावी. तिथल्या एका धातूच्या झाडाच्या फांद्यांतून पाण्याच्या धारा उडतात आणि मुले तिथून हलायला तयार होत नाहीत.

खरे नवल मात्र एम्परर कारंज्याचे. रशियाचा झार पहिला निकोलस येणार म्हणून इथले मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन यांनी ते 1844 मध्ये उभारले. झार आलाच नाही! टेकडीवर खास खोदलेल्या तळ्यातून उताराच्या दाबाने पाणी येते, पंप नाही. तरी धार 90 मीटरपर्यंत गेल्याची नोंद आहे. पॅक्स्टन यांचे भव्य काचघर 1920 मध्ये पाडले गेले. त्या जागी आता झुडपांचा भूलभुलैया आहे. लहानग्यांसाठी 1973 पासून शेतघरही आहे.

हिवाळ्यात महाल काही काळ बंद असतो, म्हणून तारखा आधी पाहून घ्या.

आणि एक : पॅक्स्टन यांनी इथे वाढवलेल्या केळीला ड्यूकच्या घराण्यावरून कॅव्हेंडिश हे नाव मिळाले. जळगावची बसराई आणि ग्रँड नैन ही केळी त्याच गटातली आहेत.