अडकलेली बिले आणि कागदपत्रे
सूक्ष्म व लघु उत्पादकाचे किंवा सेवा पुरवठादाराचे बिल लेखी करारातल्या मुदतीत, फार तर ४५ दिवसांत, आणि करार नसल्यास माल स्वीकारल्यापासून १५ दिवसांत चुकते करणे २००६च्या एमएसएमई कायद्याने बंधनकारक आहे. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. हक्क भक्कम आहे, पण तो कागदांनीच सिद्ध होतो: खरेदी आदेश, बीजक आणि सर्वांत मोलाचे म्हणजे तारखेसह सही घेतलेले डिलिव्हरी चलन. माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर पोचल्याचा दिवसच स्वीकृतीचा धरतात. तोंडी व्यवहार अशा थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या सुलभीकरण परिषदेपुढे सिद्ध करणे फार कठीण जाते. या हक्कासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून सरकारी नोंदणी, पुरवठ्याआधीच करावी.