मुकुट डोक्यावर, मालवणी जिभेवर

आज आपण बोलणार आहोत हसण्याबद्दल. म्हणजे 'वस्त्रहरण' या नाटकाबद्दल. तुमच्यापैकी कित्येकींनी ते जत्रेच्या मांडवात, एसटीतल्या टेपवर किंवा मोबाईलवर पाहिलं-ऐकलं असेल. राजे, मुकुट, गदा, तलवारी सगळं त्यात आहे, आणि तरी हसून हसून पोट दुखतं. असं का होतं, ते आज समजून घेऊ.

आधी दशावतार कसा असतो ते सांगतो. कोकणात देवळाच्या जत्रेत रात्री दशावतार उभा राहतो. बायकांच्या भूमिका पुरुषच करतात. लिहिलेली संहिता नसते. कथा ठरलेली असते आणि संवाद जागेवर सुचतात. सुरुवातीला गणपती येतो, मग वेद चोरणारा काळा संकासुर येतो. आता गंमत बघा. देव आणि राजे बोलतात पुस्तकी, भारदस्त मराठी. संकासुर मात्र बोलतो मालवणी, म्हणजे प्रेक्षकांची घरातली बोली. मान मुकुटवाल्याच्या भाषेला मिळतो आणि हशा आपल्या बोलीला.

हीच वाटणी मुंबईतही होती. सिंधुदुर्ग-रत्नागिरीची माणसं गिरण्यांत कामाला गेली आणि लालबाग, परळ, गिरगावच्या चाळींत राहिली. एका खोलीत दहा-पंधरा जण, पाळीप्रमाणे झोपायचे. त्यांचं जेवण करायच्या खानावळवाल्या बायका. त्याच बायका १९७५ साली प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने एकत्र आल्या आणि अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं. चाळीत भजन होतं, शक्ती-तुरा होता, परळच्या दामोदर नाट्यगृहात कामगारांची नाटकं होती. पण कचेरीत, बँकेत, मुलांच्या शाळेत 'माका', 'तुका', 'खय' असं तोंडातून निघालं की समोरचा हसायचा. मग आई मुलाला दटावायची, "लोकांसमोर नीट बोल." नीट म्हणजे आपल्यासारखं नाही, हे मूल तिथेच शिकायचं.

१९८० साली गंगाराम गवाणकर यांचं 'वस्त्रहरण' व्यावसायिक रंगभूमीवर आलं. गोष्ट साधी आहे. कोकणातल्या एका गावातली मंडळी द्रौपदी वस्त्रहरणाचं नाटक बसवतात. आधी तालीम, मग प्रयोग. पुढारी आहेत तात्या सरपंच. ही भूमिका मच्छिंद्र कांबळी यांनी केली आणि पुढे त्यांच्या भद्रकाली प्रॉडक्शनने हे नाटक गावोगाव नेलं. तालमीत पाठांतर नाही, प्रयोगात गोंधळ. भरजरी कपडे घातलेला माणूस राजासारखं बोलायला जातो आणि मधेच त्याची मालवणी उसळून वर येते. मग राजा उरत नाही, शेजारच्या वाडीतला ओळखीचा माणूस दिसतो.

सख्यांनो, आम्ही हे नाटक गटात मिळून पाहिलं तेव्हा एक ताई म्हणाल्या, "द्रौपदीवर आलेल्या प्रसंगाला हसायचं का?" प्रश्न रास्त आहे. आम्ही त्यावर बराच वेळ बोललो. आम्हाला असं दिसलं, की हसू द्रौपदीच्या दुःखाला येत नाही. हसू येतं मुकुट चढवून मोठं होऊ पाहणाऱ्याला आणि त्याच्या फसलेल्या ऐटीला. आपल्या तमाशात नाही का, गवळणीतली मावशी कृष्णाशी थट्टा करते आणि वगातला सोंगाड्या राजाची फिरकी घेतो? त्याने कृष्ण लहान होत नाही. पण ज्या ताईंना तरीही हसू आलं नाही, त्यांचंही म्हणणं आम्ही ऐकलं. सगळ्यांनी एकाच वेळी हसावं असा नियम नाही.

हीच युक्ती तीन वर्षांनी हिंदीतही दिसली. १९८३ च्या 'जाने भी दो यारों' या सिनेमाच्या शेवटी खुनी, पोलीस, बिल्डर सगळे धावत महाभारताच्या नाटकात घुसतात. तिथे द्रौपदीच्या साडीत चक्क खून झालेल्या अधिकाऱ्याचं प्रेत असतं. भ्रष्ट माणसांच्या अंगावर राजांचे कपडे चढले की त्यांचं सोंग जास्तच उघडं पडतं. 'वस्त्रहरण'मध्ये मात्र एक गोष्ट आणखी आहे, ती म्हणजे भाषा.

सुरुवातीला या नाटकाला प्रेक्षक थोडेच होते. मग पु. ल. देशपांडे यांनी ते पाहून मनापासून दाद दिली, आणि गर्दी वाढत गेली. प्रयोग पाच हजारांच्या वर झाले. लंडनलाही प्रयोग झाला. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते आणि कित्येक जण कोकणात परतले. रोजगार गेला, चाळी विस्कटल्या. पण ज्या बोलीला लोक हसायचे, तिच्यासाठी आता दादरच्या शिवाजी मंदिरात तिकिटाची रांग लागत होती. आधी बोलणाऱ्याला हसायचे. आता बोलणारा हसवत होता. हा फरक फार मोठा आहे.

आमचंच सांगतो. आम्ही पहिल्यांदा माईकसमोर बसलो तेव्हा अंबाडीच्या भाजीची कृती सांगायची होती. एकीने सुरुवात केली, "सर्वप्रथम सदर भाजी स्वच्छ करून घ्यावी." पुढे शब्द सुचेना, घाम फुटला. मग ती वैतागून म्हणाली, "अगं बाई, निवडायची, धुवायची आन् चरचरीत फोडणी द्यायची, त्यात काय एवढं!" माईक चालूच होता. दुसऱ्या दिवशी फोन आले ते त्याच वाक्यासाठी. संकासुराच्या जागी आम्ही आपली जीभ ठेवली होती, आणि मुकुट कुणा दुसऱ्याच्या भाषेला दिला होता.

म्हणून पुढच्या बैठकीत एवढं करा. ग्रामसभेत किंवा बँकेत जे सांगायला तुम्ही बिचकता, ते आधी गटात आपल्या बोलीत, मोठ्याने बोलून बघा. पाण्याच्या टाकीचं असो, कर्जाच्या हप्त्याचं असो. कुणी हसलं तर हसू दे, तुम्हीही हसा. पण वाक्य मात्र पूर्ण करा.