ऑक्सिजन सेन्सर: दोष ओळखणे आणि बदलणे

पेट्रोल गाडीत इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या नळीला ऑक्सिजन सेन्सर बसवलेला असतो. धुरात किती ऑक्सिजन उरला हे त्यावरून कळते आणि त्यानुसार ईसीयू (इंजिनाचा नियंत्रण संगणक) पेट्रोलचे प्रमाण कमी-जास्त करतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरनंतर आणखी एक सेन्सर असतो. त्याचे मुख्य काम कन्व्हर्टरवर लक्ष ठेवण्याचे.

सेन्सर बिघडला की अ‍ॅव्हरेज घटते, कधी धूर काळा येतो, डॅशबोर्डवर ‘चेक इंजिन’चा दिवा लागतो. मात्र दिवा लागताच नवा सेन्सर विकत घेणे म्हणजे पुष्कळदा पैसे वाया घालवणे. स्कॅनरवर पी०१३५ कोड आला तर दोष सेन्सरच्या हीटर सर्किटमध्ये असतो, आणि त्यात फ्यूज व वायरही आल्या. पी०१७१, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, हा कोड तर इनटेकचा होज फाटला तरी येतो. म्हणून वायरिंग आणि गळती आधी तपासावी. झिर्कोनिया प्रकारच्या पहिल्या सेन्सरचे व्होल्टेज इंजिन तापल्यावर साधारण ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान भराभर वरखाली व्हायला हवे. ते एकाच जागी अडकले आणि वायरिंग ठीक निघाले, तर सेन्सर बदलावा.

त्यासाठी नळी कोमट असावी, आटे सहज सुटतात. गंज असल्यास आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारावे. बहुतेक ठिकाणी वायरसाठी खाच असलेला २२ मिमीचा सॉकेट चालतो. नव्या सेन्सरच्या टोकाला तेल, ग्रीस लागू देऊ नये. शेवटी कोड पुसून गाडी चालवून पाहावी.