फाटकातून गेली म्हणजे मावली असं नाही

पांढुर्णा आणि सौंसर तालुक्यांतल्या जुन्या गावांत घरांची फाटकं बंडीच्या मापानं बांधलेली आहेत. बैल सोडले, धुरा वर उचलला, दोन माणसांनी चाकं रेटली की बंडी कोठ्याशेजारी जाऊन बसायची. आता त्याच फाटकासमोर ट्रॅक्टर उभा राहतो, मागे ट्रॉली, ट्रॉलीत संत्र्याचे रिकामे क्रेट किंवा कापसाची झूल. ती वाड्यातल्या टिनाच्या शेडमध्ये रोज संध्याकाळी रिव्हर्स लावायची असते, आणि शेजारच्या ओट्यावरून दहा जण दहा सूचना देत असतात. त्यातल्या निम्म्या सूचना चुकीच्या असतात. त्या प्रामाणिकपणे दिलेल्या असतात, म्हणूनच त्यांचा नीट विचार करायला हवा.

पहिली समजूत फाटकाविषयीची. “ट्रॉली सहा फूट, फाटक आठ फूट, मग अडचण काय?” सरळ रेषेत येणाऱ्या ट्रॉलीला खरंच काही अडचण नाही. पण गल्लीतून वाड्यात शिरताना काटकोनात वळावं लागतं. वळताना ट्रॅक्टर आणि ट्रॉली मिळून जी जागा झाडत जातात, ती दोघांच्याही रुंदीपेक्षा मोठी असते. त्यामुळे फाटक मोजण्याआधी फाटकासमोरची गल्ली मोजायची. गल्ली बारा फुटांची असेल तर आठ फुटांचं फाटकही अपुरं पडू शकतं. गल्ली पंचवीस फुटांची असेल तर सातातूनही काम होतं.

आमच्या फाटकाच्या डाव्या खांबाचा कोपरा तीनदा बांधला. प्रत्येक वेळी दोष रिव्हर्सला दिला. नंतर लक्षात आलं की तिन्ही वेळा तो पहाटे माल भरून बाहेर पडताना फुटला होता, म्हणजे ट्रॅक्टर पुढे जात असताना. “ट्रॅक्टर निघाला की मागची ट्रॉली निघतेच” हे खरं नाही. वळणावर ट्रॉलीची चाकं ट्रॅक्टरच्या चाकांच्या आतून जातात. हिशेब शाळेतल्या काटकोन त्रिकोणाचाच आहे. ट्रॅक्टरचा मागचा आस 5 मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर फिरत असेल आणि हुकापासून ट्रॉलीच्या आसापर्यंतचं अंतर 3 मीटर असेल, तर पूर्ण वर्तुळात ट्रॉलीचा आस 4 मीटरच्या वर्तुळावर फिरतो. एक अख्खा मीटर आत. नुसत्या काटकोनी वळणात एवढा फरक पडत नाही, पण जो पडतो तो खांबाचा कोपरा उडवायला पुरतो. उपाय साधा आहे. ट्रॅक्टर थोडा जास्त पुढे काढून मगच वळायचं, आणि नजर ट्रॉलीच्या आतल्या चाकावर ठेवायची. खांब नव्यानं बांधणार असाल तर त्याचा आतला कोपरा जमिनीपासून तीन फुटांपर्यंत गोल करून घ्या.

आता रिव्हर्स. “ट्रॉली उजवीकडे न्यायची तर स्टेअरिंग डावीकडे फिरव” हा नियम सगळ्यांना पाठ असतो. दोनचाकी ट्रॉलीला तो लागू पडतो, पण तो अर्धाच आहे. उलट फिरवून ट्रॉलीला फक्त दिशा मिळते. तेच स्टेअरिंग तसंच धरून ठेवलं तर ट्रॉली वळतच राहते आणि बघता बघता ट्रॅक्टरच्या मागच्या टायरला येऊन भिडते. ट्रॉलीनं कोन घेतला की स्टेअरिंग परत आणून ट्रॅक्टरला ट्रॉलीच्या मागे न्यायचं असतं. नवशिक्याला शिकवताना मी एकच युक्ती सांगतो. हात स्टेअरिंगच्या खालच्या बाजूला धर आणि ट्रॉलीचं बूड ज्या बाजूला न्यायचं त्या बाजूला हात ने. डाव्या-उजव्याचा गोंधळ तिथेच संपतो.

असं का होतं, हे दोरीवरून समजतं. दोरी ओढली की सरळ होते, ढकलली की वाकडी होते. पुढे जाताना ट्रॉली आपोआप रेषेत येते. मागे जाताना तिचा छोटासा वाकडेपणाही वाढत जातो, आणि एका कोनापलीकडे स्टेअरिंग पूर्ण फिरवूनही तो सावरत नाही. वर घेतलेल्या मापांत, 5 मीटर हे स्टेअरिंग पूर्ण फिरवल्यावरचं वळण धरलं, तर हा कोन सुमारे 37 अंश येतो. हूक आसाच्या थोडा मागे असल्यानं प्रत्यक्षात त्यात थोडा फरक पडतो. त्या कोनापलीकडे गेलेली ट्रॉली रिव्हर्समध्ये कुणालाच सरळ करता येत नाही. दोन हात पुढे घ्यायचं आणि परत यायचं, एवढंच उरतं. वारंवार पुढे घेणाऱ्या पोराला ओट्यावरचे लोक हसतात. हसू नये. तो बरोबर करतो आहे.

यातूनच आणखी एक उलटं सत्य निघतं. “लहान ट्रॉली आहे, ती तर कुणीही लावेल,” असं सर्रास ऐकू येतं. हुकापासून आसापर्यंत 2 मीटरच अंतर असेल तर तोच कोन 24 अंशांवर येतो. म्हणजे लहान ट्रॉली लवकर वळते, लवकर बिघडते आणि सावरायला वेळही कमी देते. लांब ट्रॉली आळशी असते. ती उशिरा ऐकते, पण म्हणूनच हळूहळू रेषेत धरता येते. तिला जागा मात्र जास्त लागते. शिकायला सुरुवात करायची तर मोकळ्या बरड रानात, लांब रिकाम्या ट्रॉलीनं करावी.

चारचाकी ट्रॉलीची गोष्ट वेगळीच. तिचा पुढचा आस दांडीसकट फिरतो, म्हणजे सांधे दोन झाले. एक हुकाशी, दुसरा फिरत्या आसाशी. उलटाचं उलट म्हणजे सुलट, म्हणून तिथे सुरुवातीला स्टेअरिंग नुसत्या ट्रॅक्टरसारखंच, न्यायचं त्याच बाजूला फिरवावं लागतं. दोनचाकीवर हात बसलेला चांगला ड्रायव्हरही इथे चुकतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. दोन सांधे एकाच वेळी सांभाळणं खरोखर अवघड आहे. ज्याचा वाडा अरुंद आहे त्यानं चारचाकी ट्रॉली घेण्याआधी हा विचार करायलाच हवा.

शेड तोकडी पडली की सल्ला येतो, “थोडी तिरपी लाव, मावेल.” हे मी कागदावर मांडून पाहिलं आणि चकित झालो. ट्रॉलीची पेटी 10 फूट लांब, 6 फूट रुंद आणि पुढे 3 फुटांची दांडी असं धरा. सरळ लावली तर 13 फूट खोली लागते. 10 अंश तिरपी केली तर 13.3 फूट लागते, म्हणजे वाढते! कारण मागचा एक कोपरा आणखी मागे सरकतो. साधारण 26 अंशांपर्यंत तिरपेपणाचा काहीच फायदा नाही. खरा फायदा त्यापुढे सुरू होतो. 40 अंश तिरपी केली की तीच ट्रॉली 12 फूट खोलीत बसते, पण तिला रुंदी 11 फूट लागते. इतकी तिरपी ट्रॉली अरुंद वाड्यात हुकाला लावून आत नेणं सहसा जमत नाही. ती सोडून हातानं फिरवावी लागते. त्यामुळे “थोडी तिरपी” हा उपाय नाहीच. एक तर बरीच तिरपी, नाही तर सरळ.

जगात इतरत्र हाच प्रश्न लोकांना होडीच्या गाड्यावर पडतो. अमेरिकेत चाकांच्या गाड्यावर बांधलेली होडी घरच्या गॅरेजमध्ये ठेवणारी असंख्य कुटुंबं आहेत, आणि गॅरेज फूट-दोन फुटांनी कमी पडतं. तिथे गाड्याची दांडी बिजागरीवर मोडून बाजूला वळवता येईल अशी मिळते. दुसरी सोय म्हणजे हूक मोटारीच्या पुढे बसवायचा आणि होडी समोर बघत आत ढकलायची. ही दुसरी सोय आपल्याकडेही आहे. बऱ्याच ट्रॅक्टरांना पुढे ओढण्यासाठी पिनचं भोक असतं. ट्रॉली रिकामी आणि जमीन सपाट असेल तर तिथे दांडी अडकवून हळूच आत ढकलता येते. समोर सगळं दिसतं, आणि वळणारी चाकं हुकाजवळच असल्यानं दांडी लगेच ऐकते. उलटं फिरवण्याचा नियम मात्र इथेही तोच राहतो. भरलेल्या ट्रॉलीला किंवा उतारावर हे करू नये.

ट्रॅक्टरच्या माहितीपत्रकातला वळण्याचा आकडाही फसवतो. 3 मीटरच्या आसपासची ती त्रिज्या बहुधा एका बाजूचा ब्रेक दाबून काढलेली असते, आणि तीही एकट्या ट्रॅक्टरची. ट्रॉली मागे असताना रिव्हर्समध्ये एकच ब्रेक दाबला तर ट्रॅक्टर झटक्यात फिरतो आणि ट्रॉली मिटते. वाड्यात दोन्ही पेडल जोडूनच ठेवावीत.

उंचीबद्दल थोडक्यात. छत्री आणि उभा सायलेन्सर धरून मोजा, आणि उंबऱ्याशी चढ असेल तर चाक चढावर असतानाची उंची मोजा.

शेवटची समजूत सर्वांत महाग पडते: “मागे माणूस उभा केला आहे, काळजी नाही.” तो माणूस ड्रायव्हरला दिसत नसेल तर तो नसण्यापेक्षाही वाईट, कारण त्याच्या भरवशावर ड्रायव्हर निर्धास्त होतो. त्यानं बाजूला, ड्रायव्हरच्या नजरेत उभं राहावं. तो दिसेनासा झाला की ट्रॅक्टर थांबलाच पाहिजे. ट्रॉली आणि भिंतीच्या मध्ये कुणी नको. पिन काढतानाही इंजिन बंद, ट्रॉलीच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड, आणि मागच्या भागात माल असेल तर आधी तो उतरवायचा. नाही तर पिन निघताच दांडी उसळून तोंडावर येते.

आणि मुलं. ट्रॅक्टर आला की ती धावतच येतात. इंजिनाच्या आवाजात त्यांची हाक ऐकू येत नाही, आणि ट्रॉलीच्या पेटीमागे चार वर्षांचं मूल कुठल्याच आरशात दिसत नाही. गिअर टाकण्याआधी खाली उतरा, मागे फेरी मारा, घरातली आणि शेजारची सगळी मुलं मोजून ओट्यावर बसवा. त्यांच्याजवळ एक मोठं माणूस बसू द्या, मग रिव्हर्स घ्या.