बालवाडीतील मूल्यमापन : परीक्षा नव्हे, निरीक्षण

अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीने राज्याच्या अनेक भागांतील, तसेच परप्रांतांतील कामगार कुटुंबांना रोजगार दिला आहे. त्यामुळे आसपासच्या वस्त्यांतील अंगणवाडीत वा बालवाडीत मराठी, हिंदी, भोजपुरी अशा निरनिराळ्या घरभाषा बोलणारी बालके एकत्र येतात. आईवडील दोघेही कामावर जात असल्यास बालकाच्या विकासाकडे डोळसपणे पाहणारी व्यक्ती बहुधा अंगणवाडी सेविकाच असते. म्हणूनच तिने बालकाची प्रगती कशी जोखावी, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

बालकास मुळाक्षरे व अंक म्हणावयास लावणे आणि तो चुकल्यास त्याला मागे पडलेला ठरविणे, ही पद्धत सर्रास आढळते. परंतु तीन ते सहा या वयात विकासाची गती सर्व अंगांनी सारखी नसते. एखादे बालक उत्तम धावते, पण थोडेच बोलते. दुसरे गोष्ट रंगवून सांगते, पण त्यास मणी ओवता येत नाहीत. एका दिवसाच्या तोंडी परीक्षेतून यांपैकी काहीही उमगत नाही. 2022 च्या पायाभूत स्तरावरील राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानेही या वयात परीक्षा अनुचित मानून निरीक्षणावर भर दिला आहे.

हा विचार ठाणे जिल्ह्यास नवा नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षण केंद्राचे कार्य आरंभिले आणि 1957 पासून ते कोसबाड येथे विस्तारले. ही दोन्ही गावे त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होती. 2014 पासून ती पालघर जिल्ह्यात आहेत. शाळेत न येणाऱ्या आदिवासी बालकांसाठी शाळाच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. पाने, बिया, खडे व शंखशिंपले हीच तेथील शैक्षणिक साधने बनली. बालकास ओळखावयाचे तर त्याच्या परिसरात आणि त्याच्या खेळात ओळखावे, हा त्या प्रयोगाचा धडा होय.

निरीक्षणासाठी महागडी साधने लागत नाहीत. एक वही व नियमितपणा पुरेसा आहे. सेविकेने दररोज तीन-चार बालकांकडे विशेष लक्ष द्यावे आणि दिसले तेवढेच तारखेसह लिहावे. 'हुशार' वा 'मंद' असे शेरे लिहू नयेत. 'बिया रंगांप्रमाणे वेगळ्या केल्या', 'आपणहून दुसऱ्यास चेंडू दिला' अशी नोंद करावी. बालकाची चित्रे जपून ठेवावीत. तुलना शेजारच्या बालकाशी न करता त्याच बालकाच्या दोन महिन्यांपूर्वीच्या नोंदीशी करावी. त्यावरूनच पुढील खेळ ठरवावा. मणी ओवणे जड जात असल्यास आधी माती मळणे, कागद फाडणे असे बोटांचे खेळ द्यावेत.

भाषेबाबत विशेष सावधगिरी हवी. समजा, नुकत्याच आलेल्या कुटुंबातील साडेतीन वर्षांची मुलगी वर्गात गप्प बसते. ती घरी आपल्या भाषेत बोलत असेल आणि हातवारे करून सांगितलेली सूचना तिला समजत असेल, तर तिचे मौन नव्या भाषेमुळे असण्याचा संभव अधिक. तिला वेळ द्यावा व तिच्या भाषेतील चार शब्द सेविकेनेही शिकावेत. मात्र ती घरीही बोलत नसेल, मागून हाक मारली असता वळत नसेल, तर श्रवणदोषाची शंका घेऊन वैद्यकीय तपासणी विनाविलंब करवून घ्यावी. फेब्रुवारी 2013 मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा तपासणी करण्याची तरतूद आहे. पथकाच्या हाती सेविकेची नोंदवही असल्यास थोड्या वेळाच्या तपासणीस महिन्यांच्या निरीक्षणाची जोड मिळते.

या कामी इतरांचेही साहाय्य अगत्याचे आहे. पर्यवेक्षकांनी किती बालकांना अंक येतात, एवढेच न विचारता नोंदी वाचाव्यात. पालकसभा कारखान्यांच्या पाळ्या ध्यानात घेऊन भरवावी. नगरपरिषद सदस्यांनी व परिसरातील ग्रामपंचायतींनी खेळावयास मोकळी जागा, पाणी व उजेड यांची व्यवस्था पाहावी. प्राथमिक शिक्षकांनी पहिलीत येणाऱ्या बालकाची नोंदवही मागून घ्यावी. कामासाठी कुटुंबास गाव बदलावे लागले, तर तिची प्रत पालकांच्या हाती द्यावी. म्हणजे नव्या गावी बालकाची ओळख पुन्हा पहिल्यापासून करून घ्यावी लागणार नाही.