मीठ पातळ होतं तेव्हा

उलव्यात कुणालाही विचारा, बाल्कनीचं ग्रील किती टिकतं? खाडीवरून खारा वारा येतो, रंगाला जरा पोपडा सुटला की खालून तांबूस गंज डोकावतो. पण त्याच घरातला स्टीलचा डबा बघा. चकचकीत!

डब्याच्या स्टीलमध्ये १०० ग्रॅमला साधारण १८ ग्रॅम क्रोमियम असतं. हवा लागली की त्याचा वर एक पापुद्रा धरतो. इतका पातळ, की केसाच्या जाडीत असे हजारो मावतील. ओरखडा काढा, पापुद्रा पुन्हा हजर. पक्का पहारेकरी!

आता मीठच वितळवलं तर? आपलं जेवणातलं मीठ ८०१ अंश सेल्सियसला पाण्यासारखं पातळ होतं. अशी वितळलेली मिठं खूप उष्णता धरतात आणि सहज उकळतही नाहीत. म्हणून काही अणुभट्ट्यांत इंधनच तापलेल्या मिठात विरघळवून फिरवायची कल्पना निघाली. उलव्याच्या खाडीपलीकडे, ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही थोरियमसाठी अशा भट्टीवर काम चालतं.

गंमत इथेच आहे. या भट्टीतलं मीठ फ्लोराइडचं असतं आणि त्यात तो पापुद्रा टिकतच नाही, विरघळतो. मग मीठ आधी कुणाला उचलतं? क्रोमियमलाच! पहारेकरीच पळवला म्हणा ना. मागे धातूत बारीक पोकळ्या उरतात.

हल्ली स्टीलचे भाग लेझरनेही घडवतात. पिठासारखी भुकटी पसरायची, लेझरने हवी तिथे वितळवायची, वर पुन्हा भुकटी. एकेक थर केसाहून पातळ. धातू क्षणात थंड होतो, त्यामुळे आत डोळ्यांना न दिसणारी बारीक जाळी तयार होते. मधेच एखादं छिद्र राहिलं, तर मिठाला आयतीच वाट! म्हणून अशा स्टीलचा छोटा तुकडा आधी तोलतात, तापल्या मिठात शेकडो तास बुडवतात, धुऊन पुन्हा तोलतात. मग कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, मीठ किती खोल घुसलं ते.

अमेरिकेतल्या ओक रिजला १९६५ ते १९६९ या काळात अशी भट्टी खरोखर चालली. तिच्यासाठी मुद्दाम निकेलचा मिश्रधातू बनवला होता. त्यात क्रोमियम किती? शंभरात फक्त सातेक भाग. चोरायला फारसं ठेवलंच नाही!