अण्णांच्या भट्टीचा धूर

मी कॉन्व्हेंटचा विद्यार्थी. मराठीत लिहायला बसलं की ऱ्हस्व-दीर्घ घाम फोडतात. पण हा विषय मला शिरोली एम.आय.डी.सी.तल्या एका फाउंड्रीत मराठीतूनच कळला, म्हणून मराठीतच सांगतो.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथं ट्रेनिंगला जात होतो. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. एक दिवस त्यांनी फॉर्म पुढे केला, "इंजिनियर, हे भर बघू." त्यांचं कास्टिंग घेणाऱ्या मोठ्या कंपनीकडून तो आला होता. एका रकान्यात प्रश्न होता : वर्षभरात वापरलेल्या विजेमुळे किती टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडला?

अण्णा म्हणाले, "शून्य लिही की. आपली भट्टी विजेवरची, धूर कुठाय? आणि वीज कोयनेच्या पाण्याची."

मलाही पटलं. पेन उचललंसुद्धा. मग म्हटलं, उद्या भरतो. रात्री हॉस्टेलवर वाचत बसलो, तर दोन्ही मुद्दे चुकलेले!

पहिला मुद्दा धुराचा. आपण स्वतः जाळलेल्या डिझेल-कोळशाचा हिशोब 'स्कोप १' मध्ये जातो. विकत घेतलेल्या विजेचा धूर चंद्रपूर-कोराडीच्या चिमणीतून निघतो, तरी तो वापरणाऱ्याच्या 'स्कोप २' मध्ये लिहायचा असतो.

दुसरा मुद्दा कोयनेचा. कोयना १,९६० मेगावॅटची, आपल्याला अभिमान आहेच. पण रंकाळ्यात घागरभर पाणी ओतलं तर नेमकं तेच पाणी परत काढता येईल का? ग्रिडचं तसंच आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर लाइनने दक्षिणेचं ग्रिड उरलेल्या देशाशी जोडलं गेलं आणि सगळ्या देशाचं एकच ग्रिड झालं. म्हणून हिशोबही देशाच्या सरासरीने होतो. ही सरासरी केंद्रीय विद्युत प्राधिकरण २००६ पासून प्रसिद्ध करतं. २०२२-२३ साठी ती युनिटमागे ०.७१६ किलो होती, २०२३-२४ साठी ०.७२७. म्हणजे १ लाख युनिट वापरले तर पहिल्या आकड्याने ७१.६ टन, दुसऱ्याने ७२.७ टन. भट्टी तेवढीच चालली, तरी उत्तर बदललं! म्हणून कोणत्या वर्षाचा आकडा घेतला ते लिहिणं गरजेचं.

आता खरी गंमत. महावितरणला युनिटमागे जादा पैसे देऊन 'ग्रीन टॅरिफ'ची वीज घेता येते. मग तेव्हा शून्य लिहायचं का? समजा अण्णांनी तसं लिहिलं. शेजारचा कारखाना देशाची सरासरी वापरतो, आणि त्या सरासरीत अण्णांचे हिरवे युनिटही मोजलेलेच आहेत. म्हणजे एकाच युनिटचं पुण्य दोघांच्या खात्यात! म्हणून जी.एच.जी. प्रोटोकॉलने २०१५ साली सांगितलं, की अशा करारांची सोय असेल तिथे दोन्ही आकडे द्या : ग्रिडच्या सरासरीचा आणि कराराचा.

आपल्याकडे सेबीने २०२२-२३ पासून शेअर बाजारातल्या पहिल्या १,००० कंपन्यांना स्कोप १ आणि २ सांगणं बंधनकारक केलं. २०२३ साली निवडक आकडे त्रयस्थाकडून तपासून घेण्याचा नियमही आला, सुरुवात पहिल्या १५० कंपन्यांपासून. अण्णांची फाउंड्री त्या यादीत नाही. पण मोठ्या कंपन्या आपल्या पुरवठादारांचाही हिशोब गोळा करतात, त्यामुळे फॉर्म शिरोलीपर्यंत पोचतो.

दुसऱ्या दिवशी अण्णांना सगळं सांगितलं. ते गप्प झाले. मग म्हणाले, "एवढा आकडा बघून ऑर्डर गेली तर?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. एवढंच म्हणालो, "अण्णा, उद्या त्यांनी लाइटबिलं मागितली तर शून्य कुठून दाखवायचं?"

बारा महिन्यांची बिलं काढून बेरीज केली. वर्ष आणि गुणांक लिहून खरा आकडा भरला. बेरीज करताना अण्णांचीच नजर एका महिन्यावर अडकली. माल तेवढाच, युनिट मात्र जास्त. त्या महिन्यात मोल्ड वेळेवर तयार नव्हते आणि वितळलेला रस भट्टीत तसाच गरम ठेवावा लागला होता. संध्याकाळी त्यांनी सुपरवायझरला बोलावून घेतलं.

आता हॉस्टेलचं बघू. २ किलोवॅटचा गीझर अर्धा तास चालला की १ युनिट, म्हणजे जवळपास पाऊण किलो कार्बन डायऑक्साइड. रेक्टर सरांना विनंती, की दर महिन्याचे युनिट नोटीस बोर्डावर लावावेत. गुणाकार आम्ही करू. आणि भावांनो, तोवर आंघोळ झाली की बटण तेवढं बंद करा!